हाराइतकी जागा

सखुबाईचा एकटीचा फोटो काढल्याची बातमी बट्ट्यांची पहिली खेप निघायच्या आत सगळ्या मांडवाला कळली होती. ज्यांना कळली नव्हती त्यांना मालतीकाकू सांगत होत्या.

"भिंतीला टेकवून बसवलं म्हातारीला. मागे पांढरी भिंत, शेजारी कोणी नाही. नुसतं तोंड काढलं. लग्नाच्या दिवशी! मी विचारलं, कुसुम, हा कसला गं फोटो? तर म्हणते, असाच."

"असाच फोटो कुठे लावतात ते माहीत नाही का तिला?" कुणीतरी म्हणालं.

माहीत नसणारं मांडवात कोणीच नव्हतं. लग्नातले फोटो जोडीने काढायचे, घोळक्याने काढायचे, आहेर हातात धरून काढायचे. एकट्या माणसाच्या नुसत्या चेहऱ्याचा फोटो एकाच कामाचा. त्याच्यापुढे काच बसते, काचेवर हार चढतो आणि खाली उदबत्ती लागते.

कापडाच्या लूमची सुट्टी असलेला वार धरून लग्न ठेवलं होतं. भेस्तानच्या कामगारखोल्यांच्या त्या लाइनीत एरवी रात्रंदिवस चालणारी खटखट आज बंद होती, आणि यंत्रांच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय झालेली माणसं त्या शांततेतही तेवढ्याच मोठ्याने बोलत होती. त्यामुळे हळदीच्या पाटापाशी रोल बदलणाऱ्या कुसुमला काकूंचा शब्दन् शब्द ऐकू आला. तिने कॅमेऱ्याचं मागचं झाकण बंद केलं, खटका ओढून रोल धरला की नाही ते पाहिलं आणि मान वर केली. धुडकूकाका पाण्याच्या टाकीशी उभे राहून तिला बोटाने बोलावत होते.

पाटावर पिवळाजर्द होऊन बसलेला तिचा धाकटा भाऊ वाल्मिक हळूच म्हणाला, "ताई, काही बोलू नको. हो हो म्हण आणि ये."

"तू बोलणार होतास ना माझ्यासाठी?"

"बोलेन की. लग्न तर लागू दे."

महिन्याभरापूर्वी हाच वाल्मिक म्हणाला होता की काकांना मी समजावतो, तू जयंतीभाईला हो म्हणून टाक. उधन्याच्या स्टुडिओवाल्या जयंतीभाईने कुसुमला विचारलं होतं की आता ती एकटीने लग्नं करेल का. मराठी लोकांची लग्नं, खानदेशातून आलेल्यांची, ओडियांची. बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर गेला की सगळ्या पदर ओढून घेतात आणि अल्बममध्ये नुसते पदर येतात, असं त्याचं म्हणणं. पण वडील, म्हणजे आप्पा, गेल्यापासून घरातला मोठा माणूस म्हणजे धुडकूकाका, आणि काकांनी "वाल्मिकच्या लग्नात बघू तुझं काम" एवढंच उत्तर दिलेलं. आज ते बघत होते.

टाकीमागे सावली होती. काकांनी नवा पांढरा सदरा घातला होता आणि घामाने तो पाठीला चिकटला होता. कोसाडहून ते आणि काकू आठवडाभर आधीच येऊन राहिले होते. मांडव, आचारी, भटजी, पाहुण्यांच्या झोपायच्या जागा, सगळं त्यांनीच पाहिलं. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे त्यांनीच धरून ठेवलं आणि वाल्मिकसाठी बारडोलीची सोनाली त्यांनीच शोधली. त्यांच्याशी भांडायला तोंड नव्हतं, हीच कुसुमची अडचण होती.

"मावशीचा काढलास?"

"हो."

"तिने सांगितलं होतं काढ म्हणून?"

इथे हो म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. सखुबाई म्हणजे आप्पांची आणि काकांची मावशी, तिला जाब विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

"नाही. मीच बसवलं."

"का?"

"आप्पांचा नव्हता म्हणून."

टाकीची तोटी ठिबकत होती, ती काकांनी वाकून घट्ट बंद केली. ते हलले हे कुसुमला दिसलं. आणि हललेला माणूस जसा आवाज चढवतो तसा त्यांनी चढवला.

"म्हणून आता जिवंत माणसांना भिंतीला लावत सुटणार का तू? उद्या म्हातारीला नुसती शिंक आली तरी लोक तुझं नाव घेतील. आधीच..."

"आधीच काय, काका?"

"काही नाही."

"बोला ना."

"आधीच तू परत आलेली. लोकांना बोलायला निमित्त कशाला?" ते हे मान खाली घालून म्हणाले, त्यामुळे ते जास्त लागलं. "कॅमेरा मालतीकडे दे. मुहूर्ताला मिळेल. अंतरपाट, हार, आहेर, तेवढे काढ. आणि लग्न झालं की उधना बंद. जयंतीभाईला मी निरोप देतो. चार दिवस गावी जाऊन राहा, डोकं शांत होईल."

गावी जाऊन चार दिवस म्हणजे काय, ते कुसुमला ठाऊक होतं. अमळनेरहून नवऱ्याने परत पाठवली तेव्हाही ती चार दिवसांसाठीच आली होती.

तिने गळ्यातला पट्टा काढला. काकूंनी कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला आणि झोपलेलं मूल मांडीवर ठेवावं तसा शालूवर ठेवला.

मान हलकी झाली होती आणि ते हलकेपण तिला आवडलं नाही. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. कॅमेरा असला की मांडवात कुठेही उभं राहता येत होतं. काल हळद दळताना पाच सवाष्णी जात्याभोवती बसल्या, तेव्हा ज्या बाईने तिला मागच्या लग्नात "तू आत बस गं जरा" म्हणून उठवलं होतं, तीच काल म्हणाली, "कुसुम, पुढे ये, तिथून माझा हात नीट येणार नाही." कुसुम पुढे गेली. जात्याला तिचा परकर लागत होता इतकी पुढे. फोटो काढणारीला कुणी विचारत नाही की तू नांदतेस का, तुझा नवरा कुठे असतो. फोटो काढणारी भटजीच्या मांडीला मांडी लावून बसली तरी चालतं. आता कॅमेरा काकूंच्या मांडीवर होता आणि कुसुम पुन्हा परत आलेली पोर झाली होती.

ती घराच्या मागे गेली.

माय तिथे बट्ट्यांच्या जाळाशी बसली होती. वरण-बट्टी आचाऱ्याने करायची होती, पण मायने पहाटेपासून ती जागा धरली होती आणि आचारी बिचारा वांग्यांकडे वळला होता. तिथे बसलं की मांडवात का येत नाही असं कुणी विचारत नाही. मुलाच्या लग्नात देवक बसवायला जोडपं लागतं, वरमाय म्हणून पाय धुऊन घ्यायला सवाष्ण लागते. त्या सगळ्या जागी आज मालतीकाकू होत्या. आईच्या नावाने घेतलेला शालूही काकूंनीच नेसला होता, कारण तो वरमायचा होता.

"काढून घेतला?" मायने विचारलं. वर पाहिलं नाही.

"तुला कोणी सांगितलं?"

"इकडे भिंत आहे का? पडदा आहे नुसता." तिने चिमट्याने एक बट्टी उलटली. "बरोबर आहे भाऊजींचं. तो कसला फोटो काढलास?"

"तुझाही काढणार होते. तसाच."

"माझा?" माय हसली. "सोनाली उद्या माहेरी अल्बम घेऊन जाईल. नवरा-नवरीच्या मध्ये माझं मोकळं कपाळ बघतील का ते?"

"अल्बममध्ये नाही लावणार. वेगळा काढणार."

"वेगळा तर त्याहून नको." मग ती जरा थांबून म्हणाली, "मी गेल्यावर करा की काहीतरी. यांना कोट घातलात, मला पैठणी नेसवा."

"नेसवेल जयंतीभाई. हिरवी."

"लाल म्हण. हिरवीत मी काळी दिसते."

दोघी हसल्या.

कोटाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. प्लेगच्या साली सगळी लाइन गावाकडे पळाली, तेव्हा भुसावळच्या गाडीत घरची ट्रंक राहून गेली आणि तिच्यात आप्पांचे होते नव्हते तेवढे फोटो गेले. वर्षभराने आप्पाही गेले, छातीच्या दुखण्याने. दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो नव्हता. कुसुम घरोघर अल्बम मागत फिरली. शेजारच्या प्रमिलाबाईच्या मुलीच्या लग्नात एका पंगतीच्या कडेला आप्पा सापडले. हातात वरणाची बादली, अंगात बनियन, कुणाच्या तरी बोलण्यावर हसत वाकलेले. तो एवढासा चेहरा तिने उधन्याला नेऊन दिला आणि दोन दिवसांनी मोठा करून मिळाला तेव्हा आप्पांच्या अंगात काळा कोट होता, गळ्यात टाय होता आणि केसांचा भांग भलत्याच बाजूला होता. हसण्यामुळे बारीक झालेले डोळे कुणीतरी ब्रशने उघडले होते. मायने फोटो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "हे कोण?"

कुसुम तशीच परत गेली. "कोट काढा," ती जयंतीभाईला म्हणाली.

"कोट तो शोभे छे ने, बेन? बधा लोक करावे छे."

"त्यांनी आयुष्यात कोट घातला नाही. मी आप्पांना ओळखत नाही या फोटोत."

जयंतीभाईला हे नवीन होतं. त्याच्याकडे कोट घालून द्या म्हणणारे येत, काढून द्या म्हणणारं कोणी आलं नव्हतं. त्याच्या टेबलावर काम साचलेलं होतं. त्याने ब्रश आणि रंगाची वाटी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, तुला माहीत आहे ना कसे होते ते, मग तूच कर.

ती बसली. संध्याकाळपर्यंत कोट गेला होता आणि बनियन काही तिला जमलं नव्हतं, पण डोळे पुन्हा बारीक झाले होते. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत असलेली त्याच लग्नाची निगेटिव्ह बघायला गेली, आणखी एखादे आप्पा मिळतील म्हणून. मिळाले, पण तुकड्यातुकड्याने. एका फोटोत नवरीच्या मामामागे त्यांचं कोपर होतं. एकात पाठ होती. एकात भात वाढणारा नुसता हात, मनगटावर काळा दोरा. त्या लग्नात आप्पा दिवसभर राबले होते आणि फोटोग्राफरने दिवसभर त्यांना चुकवलं होतं. त्याची चूक नव्हती. त्याला स्टेजवरच्यांचे फोटो सांगितले होते. पण कुसुमला तेव्हा कळलं की लग्नात सगळी नाती एकदा एका जागी येतात, न्हाऊन-धुऊन, बऱ्या कपड्यात, आणि घरी जातात तेव्हा त्यातल्या कुणाचा तरी तो शेवटचा फोटो असतो. कुणाचा ते कुणालाच माहीत नसतं.

तिसऱ्या दिवशी ती गेली ती निगेटिव्ह लावून ठेवायला गेली, आणि मग जातच राहिली.

"कुसुम," माय आता हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी म्हणतात तर गावी जा थोडे दिवस. मग बघू."

"तुला बघायचं असतं तर आज बघितलं असतंस."

हे बोलायला नको होतं. मायने राखेत हात घालून एक बट्टी काढली, झटकली आणि टोपलीत टाकली.

तेवढ्यात मांडवातून काकूंचा आवाज आला. नेहमीपेक्षा दोन पट्ट्या खाली, म्हणून कुसुमने कान दिला.

"आजी, असं काय करता? ह्यांनीच ठेवायला दिलाय माझ्याकडे."

"त्याले काय समजस?" हा सखुबाईचा आवाज. "तो डबा आंडेरले, कुसुमले दे. मन्हा फोटू कसा उना ते माले देखू दे."

"तो असा लगेच दिसत नाही, आजी. धुवावा लागतो. आणि आज असले फोटो नकोत. अपशकुन असतो."

"कसाना अपशकुन?" सखुबाईने काठी आपटली. "माले दात नही, डोयानं दिसत नही. मी आते नही मरसू ते कवय मरसू?"

मांडवात कुणीतरी फसकन हसलं. कुसुम पडद्याच्या कडेशी येऊन उभी राहिली. म्हातारी काकूंच्या खुर्चीसमोर ठाण मांडून उभी होती आणि काका घाईघाईने तिकडे येत होते.

"मावशी, मी बघतो. तू बस."

"तू काय देखशी, धुडकू? मन्हा मालकना फोटू नही. पोरेस्ले बापनं तोंड आठवत नही. कोणी इचारं, बाप कसा व्हता, ते पोरे भितडाकडे देखतस." म्हातारीचा आवाज कापला नाही. ती बाजारात भाव सांगावा तशी सांगत होती. मग तिने काठी कुसुमकडे रोखली. "आनि तू व! तुन्हा बापना, सुकदेवना फोटूमा हार तोंडवर येस. त्याना हासाना फोटू, आनि हासानंच दिसत नही. मन्हा फोटूमा हार बठी इतली जागा ठेव. ठेवी का?"

म्हातारीचं खरं होतं. बनियन जमलं नाही म्हणून आप्पांना तिने हनुवटीपाशी कापलं होतं, आणि घरात भिंतीवर प्रत्येक सणाला हार चढला की त्यांचं हसू झेंडूच्या मागे जात होतं. सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि सगळे गप्प बसले होते.

"नाही ठेवली, आजी," ती म्हणाली. "सकाळी अगदी जवळून काढला."

"मंग परत काढ!"

काका म्हणाले, "मावशी, पाहुण्यांसमोर..." आणि थांबले, कारण पाहुणेच पुढे येत होते. सोनालीचे वडील विठ्ठलराव. बारडोलीच्या साखर कारखान्यात त्यांची हयात गेली होती, बोलणं नेमस्त, आणि मुलीचा बाप म्हणून सकाळपासून ते खाली मान घालूनच वावरत होते.

"धुडकूभाऊ, चुकत असेल तर सांगा. पण आमच्या म्हाताऱ्यालाही आणलंय. गेल्या सालापासून अंथरुणातच आहेत. नातीचं लग्न म्हणून उचलून आणले. ताईंनी त्यांचाही एक घेतला तर..." ते अडखळले. "असाच. एकट्याचा."

व्याही काही मागतोय आणि मुलाकडच्याने नाही म्हणायचं, तेही लग्नाच्या दिवशी, हे धुडकूकाकांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी मालतीकाकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कॅमेरा उचलला, आणि कुसुमपर्यंत येऊन पट्टा स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला.

"माझ्या आईचाही नाहीये," त्या एवढंच म्हणाल्या.

मग जे झालं ते कुसुमच्या हातात राहिलं नाही. चुना लावलेल्या भिंतीशी उन्हाची तिरीप येत होती. तिथे खुर्ची ठेवली गेली. विठ्ठलरावांच्या वडिलांना दोघांनी धरून बसवलं, आणि कुणीतरी म्हणालं की बाबांच्या डोक्याला काहीतरी हवं. वाल्मिकच्या मामाने स्वतःचा फेटा काढून दिला. त्यानंतर तो फेटा त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर गेला. कुणाला तो कानावर येत होता, कुणाला तो टाळूवर तरंगत होता. बायका पदर नीट करत, एकमेकींना शिव्या देत बसत होत्या.

"अगं, कुंकू मोठं लाव. तिकडे गेल्यावर यमाला लांबून दिसलं पाहिजे."

"तुझं तोंड बंद कर, नाहीतर उघडंच येईल फोटोत."

"हाराला जागा सोड गं, कुसुम. आमच्याकडचे हार जाड असतात."

"तुमच्याकडचे हार? कागदाचे आणतील तुझी पोरं!"

कुसुम गुडघ्यावर बसून एकेकाला सांगत होती, हनुवटी थोडी खाली, इकडे बघा, हसलं तरी चालेल. आणि म्हातारी माणसं हसत होती. मरणाचा फोटो काढायला बसलेली माणसं इतकी खुशीत असतील असं तिला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. कुणीतरी आपल्याला आठवेल याची सोय करतंय, एवढ्यानेच त्यांचं अंग सैल झालं होतं.

काका आधी लांब उभे होते. मग कुणीतरी मध्येच घुसलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. "ए, ओळीने! मुहूर्त टळेल अशाने!" असं म्हणत ते स्वतःच ओळ लावू लागले. विठ्ठलराव त्यांच्याशेजारी येऊन म्हणाले, "आमच्या पुतण्याचं लग्न आहे हो पुढच्या महिन्यात. बारडोलीलाच. ताई येतील का?"

"बघू," काका म्हणाले.

कुसुमने ते ऐकलं. बघू म्हणजे नाही, हे ती लहानपणापासून जाणत होती.

ओळ संपत आली तसा उजेडही उतरू लागला. काका खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. त्यांना बसायचं असावं असं कुसुमला वाटलं, पण त्यांनी खुर्चीच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि पडद्याकडे पाहत विचारलं, "वहिनी?"

"ती नाही येणार."

ते स्वतः गेले. पडद्याआडून त्यांचं बोलणं ऐकू आलं. "वहिनी, चला. एक मिनिटाचं काम आहे."

"भाऊजी, लग्नाची वेळ झाली. तुम्ही तिकडे जा. मी माझ्या जागी बरी आहे."

"दादाचा नव्हता तेव्हा पोरीने किती..." काकांचं वाक्य अर्धंच राहिलं. ते बाहेर आले, कुणाकडेही न बघता मांडवाकडे निघून गेले, आणि तिकडे त्यांचा भटजींवर ओरडल्याचा आवाज आला.

मग मालतीकाकू आत गेल्या. शालूच्या निऱ्या दोन्ही हातांनी उचलून, चिखलातून जावं तशा.

"बाई, सकाळपासून मी तुमच्या जागी उभी आहे. पाय धुऊन घेतले, देवक बसवलं, ओटी घेतली. सगळ्या फोटोंत मी आहे. उद्या सोनालीची पोरं विचारतील, आपली आजी कुठली? मी काय सांगू?"

मग माय बाहेर आली. हाताला राख होती, ती तिने पदराला पुसली. काकू तिच्यामागून आल्या नाहीत. मांडवात वाजंत्री सुरू झाली आणि खुर्चीभोवतीची सगळी माणसं तिकडे पळाली. भिंतीशी दोघीच उरल्या.

माय खुर्चीत बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, शाळेतल्या मुलीसारखी, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून. कुसुमने कॅमेरा डोळ्याला लावला. आत माय लहान आणि लांब दिसत होती आणि तिची नजर कुठेतरी कुसुमच्या खांद्यावरून जात होती.

"इकडे बघ, माय."

"कुठे?"

"इथे. काचेत."

"काचेत काय बघू?" मायने प्रयत्न केला. चेहरा घट्ट झाला. "तू दिसत नाहीस. ते तोंडापुढचं काढ."

"ते काढलं तर मला दिसणार नाही कसं येतंय ते."

"मग नको काढू."

वाजंत्री थांबली. भटजींचा आवाज माइकमधून येऊ लागला. कुसुमने बोट खटक्यावर ठेवलं आणि कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला, छातीपर्यंत. मायकडे सरळ बघितलं. आप्पा गेल्यापासून दोघी एका खोलीत झोपत होत्या, एका ताटात जेवत होत्या, आणि अशा समोरासमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. दोघींनीही ते जपून टाळलं होतं. मायच्या डोळ्यांखाली कुसुमला ठाऊक नसलेल्या दोन रेघा होत्या. मायनेही तिच्यात काहीतरी नवीन पाहिलं असावं, कारण तिचे हात सैल झाले आणि मान किंचित कलली.

"वाळलीस," माय म्हणाली.

कुसुमने खटका दाबला.

"झालं?"

"झालं."

"आला असेल का?"

"माहीत नाही. डोकं कापलं गेलं असेल कदाचित."

"असू दे," माय म्हणाली. तिने कुसुमच्या गळ्यातला पिळलेला पट्टा सरळ केला. तिचा हात तिथेच राहिला.

मांडवात काहीतरी अडलं होतं. मंगलाष्टकं सुरू व्हायला हवी होती आणि होत नव्हती. लोकांचा गलबला वाढला, कुणीतरी म्हणालं वेळ जाते आहे, आणि मग माइकची शिट्टी वाजली. कुणीतरी भटजींच्या हातातून तो ओढून घेतला असावा.

"थांबा हो महाराज," धुडकूकाकांचा आवाज सगळ्या लाइनीवर घुमला. माइकसमोरही ते लूमवर बोलावं तसेच ओरडत होते. "अंतरपाट धरूनच ठेवा. तांदूळ कोणी टाकायचे नाहीत. आधी आमची फोटोवाली येऊ द्या. कुसुम सुकदेव, असशील तिथून मांडवात ये!"